उन्हात ठेवलेली हार्डडिस्क

मेलेली हार्डडिस्क अशी गोष्ट जगात नसतेच, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला: माझ्या बायकोचे रोह्याचे मामा. नव्वदच्या दशकात लोक जुने कॉम्प्युटर भंगारात घालत होते आणि मामा ते भंगारातून घरी आणत होते. डिस्क चालवणारी जुनी कार्डं त्यांनी मामींच्या ट्रंकेत, साड्यांच्या घड्यांत जपली होती. लग्नाला निघताना मामींनी शालू झटकला की एखादं कार्ड खाली पडायचं. "हळू गो! ते निडीच्या भंगारवाल्याकडचं हाय!" मामा ओरडायचे. शालूची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

माझी डिस्क बंद पडली तेव्हा मात्र मला हसू सुचेना. खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या धवलारणीकडून, म्हणजे लग्नात धवले गाणाऱ्या बाईकडून, मी दोन उन्हाळे गाणी उतरवून घेतली होती. पेणला घरी येऊन टाइप करायची आणि वहीतली पानं फाडून टाकायची, असा माझा शहाणपणा. पावसाळ्यात म्हातारी गेली आणि दिवाळीनंतर माझ्या कॉम्प्युटरमधलं कार्ड जळालं. दुसरं कार्ड ती डिस्क वाचेना. विटेएवढी ती डिस्क छातीशी धरून मी रोहा गाठलं.

मामांनी ट्रंक उपसून हुबेहूब तसंच कार्ड काढलं. डिस्क फिरली, पण एक अक्षर दाखवीना. मामा बराच वेळ तिच्यावर हात ठेवून बसले.

"जावयबापू, टाइप कुठं करायचात?"

"माळ्यावर, पत्र्याखाली. मे महिन्यात, दुपारचं."

"मग ही थंडीत कशी बोलंल? तापलेली असताना लिवलंय. तापल्याशिवाय जागा सापडायची नाय तिला."

अंगणात मामींचे तांदूळ वाळत होते. त्यांच्या शेजारी डिस्क ठेवून मामा काठी घेऊन कावळे हाकत बसले. दर पाच मिनिटांनी तिला ताप बघितल्यासारखा हात लावत होते. "तांदूळ राखाया कधी बसले नाय ह्ये," मामी मला म्हणाल्या.

दुपारी डिस्क जोडली आणि पडद्यावर सगळी गाणी एकाखाली एक उभी राहिली. मी मामांना हातच जोडले. मामा लाइटबिल वाचावं तसं पहिलं गाणं वाचू लागले. दुसऱ्या ओळीला मामी दारात आल्या आणि पुढची ओळ त्यांनी चालीवर म्हटली, अगदी म्हातारीच्या चालीवर. त्यांचं माहेर खाडीकाठचं.

मामा थक्क झाले. "तुला येतं हे?"

"तीस वर्सांत इचारलंत कधी?"

मामा आता नाहीत. पण त्या दुपारी कॉम्प्युटर बंद करायचं विसरून ते मामींसमोर खाली बसले आणि हळूच म्हणाले, "म्हण पुढं." सगळी गाणी संपेपर्यंत ते उठले नाहीत.