योगा मॅटचं चिलखत

तुळजापूरच्या आमच्या स्टुडिओत मेमरी कार्ड भरलं की रिकामं करता येतं. किस्स्यांचं तसं नाही. लग्नाचे, बारशाचे साचतच जातात, आणि आता त्यांच्यावर केतकीचे येऊन बसलेत.

केतकी माझी असिस्टंट. अल्बम लावता लावता दिवाळीत एकदा म्हणाली, "ताई, मला गेममधली राखणदारीण व्हायचंय. फोटो काढाल?" जंगलाची राखण करणारी बाई. शिंगांचा मुकुट, रुपेरी चिलखत, निळा झगा, हातात भाला. शूट पौषात करायचं ठरलं, कारण पौषात लग्नं नसतात. खरं सांगायचं तर मलाही नवरा-नवरी सोडून दुसरं काहीतरी बघायचं होतं.

*

चिलखत योगा मॅटचं. मॅट केतकीच्या आईची, गुडघ्याच्या व्यायामाची. महिनाभर त्या घर धुंडाळत होत्या. शेवटी स्टुडिओत आल्या, चिलखत उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "व्यायाम सुटला, बरंच झालं. पण ह्यांना कोण सांगणार?"

'हे' म्हणजे केतकीचे बाबा. गल्लीतल्या देवळातल्या देवीची पूजा त्यांच्याकडं. रोज देवीला साडी नेसवायची, दागिने घालायचे आणि शेवटी समोर आरसा धरायचा. आरसा दाखवल्याशिवाय सजावट पुरी झाली असं ते मानत नाहीत. केतकी हे बघतच वाढली.

"बाबांना आवडलं न्हाय तर हे पहिलं आणि शेवटचं," ती म्हणाली. चेष्टेत म्हणत नव्हती.

*

सुरुवात बेंबळीजवळच्या ज्वारीच्या रानात केली. कणसांवर धुकं बसलेलं, आणि पाखरं हाकायच्या मचाणावर केतकी भाला धरून उभी. शेताच्या मालकीणआजी खालून बराच वेळ बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "लेकीला आजून घंटाभर ऱ्हाऊ द्या की. आज एक पाखरू फिरकलं न्हाय."

केतकीनं घंटाभर खरोखरच राखण केली. मजुरी म्हणून हुरडा मिळाला.

*

मग जळकोटच्या बाजूला, माळावरच्या पवनचक्क्यांखाली. भल्या पहाटे. पाती धुक्यातून खाली यायची आणि पुन्हा धुक्यात जायची. वाऱ्यानं झगा उचलला, आणि केतकी जमिनीवर आहे की नाही तेच कळेना. मी बघतच राहिले. इतकं शांत मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"ताई, किती आले?" तिनं विचारलं.

एकही नाही. कॅमेरा गळ्यातच होता.

*

शेवटचा दिवस गावाबाहेरच्या डोंगरावर. आदल्या संध्याकाळी केतकीनं बाबांना सगळं सांगून टाकलं होतं. ते ऐकून देवळात निघून गेले होते. सकाळी आम्ही मुकुट बांधत होतो तेवढ्यात त्यांची स्कूटर चढ चढून आली. केतकीनं भाला पाठीमागं घेतला.

काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "झगा असा सोडत्यात व्हय? खांद्यावर ठरंना तो."

"काका, गेममध्ये तसाच आहे," मी म्हटलं.

"असंल," ते म्हणाले, आणि त्यांनी चपला काढल्या.

माझ्याकडून पिना मागून घेतल्या. झग्याला एकेक निरी घातली. मुकुट बोटभर डावीकडं सरकवला. चार पावलं मागं गेले, बघितलं, पुन्हा पुढं आले. ऊन चिलखतावर आलं, तसा मी कॅमेरा उचलला.

"थांबा," काका म्हणाले. "आजून झालं न्हाय."

ते स्कूटरकडं गेले, ढिला झालेला डावा आरसा फिरवून काढला, उपरण्यानं पुसला आणि तिच्यासमोर धरला.