व्हिलातलं काळं पातेलं

दोन हजार चौदा-पंधराची गोष्ट. सिंगापूरला हौगांगमधल्या आमच्या काँडोत, म्हणजे सोसायटीत, समोरच्या दारी एक फ्रेंच बाई राहायच्या. साठीच्या, एकट्या, आणि घराण्याचा अभिमान तर असा की आम्हा पुणेकरांनीही हात टेकावेत! त्यांच्या पणजोबांचा साबणाचा कारखाना होता. त्या पैशावर त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये समुद्रकाठी व्हिला बांधला. मनोरा, रंगीत काचा, मालकांचा जिना वेगळा, नोकरांचा वेगळा. लिफ्टमध्ये हे इतक्यांदा ऐकलं होतं की डोळे मिटून मी त्या घरात फिरले असते. शेवटही ठरलेला. शेजारच्या व्हिलावाल्यांनी पणजीवर चोरीचा आळ घेतला आणि दोन्ही घरांचं बोलणं कायमचं तुटलं. "आमच्यावर! चोरीचा!" म्हणताना बाईंचे कान लाल व्हायचे.

पुढे व्हिला विकला गेला. चांदी, झुंबरं, घड्याळं, सगळं भावानं लाटलं. बाईंच्या वाट्याला आलं एक तांब्याचं काळंकुट्ट पातेलं. ते त्यांनी हॉलमध्ये खास दिव्याखाली मांडलं होतं. तो काळेपणा म्हणजे पणजीच्या चुलीचा धूर, त्यामुळे त्याला फडकंसुद्धा लावायची बंदी.

त्यांच्याकडे रंगकाम निघालं तेव्हा त्यांनी ते विश्वासानं माझ्याकडे ठेवायला दिलं. आणि नेमक्या तेव्हाच सासूबाई पुण्याहून आल्या होत्या.

संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघते तर ओट्यावर पातेलं लखलखतंय! बाजूला चिंचेचा चोथा आणि मीठ. लेक टाळ्या पिटत सिंगापुरी थाटात म्हणाली, "आजी, सो शायनी लाह!"

"आई, हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? शेजारणीचं भांडं असं मेलं कळकट परत द्यायचं? आणि रिकामं नाही हो देत, शिरा केलाय त्यात."

तेवढ्यात बेल वाजली. दारात बाई! पातेलं पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. "पणजीचा धूर..." एवढंच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाईंना इंग्रजी कळत नसल्यामुळे त्या मजेत होत्या. पातेल्याच्या कडेवर बोट ठेवून म्हणाल्या, "घासल्यावर नाव निघालं बघा! आम्हीही भांड्यांवर नाव घालतो. नाहीतर शेजारीपाजारी ढापतात."

मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी चष्मा लावला. वेलबुट्टीत नावाची दोन आद्याक्षरं होती. ती वाचता वाचता त्यांचे कान लाल होत गेले.

"ही आमची नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "शेजारच्या व्हिलाची आहेत. त्यांच्या फाटकावर अश्शीच होती."

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगंबाई! म्हणजे परत करायचं राहूनच गेलं की!"

"मला एकच वस्तू मिळाली," बाई म्हणाल्या, "आणि तीही आमची नाही." त्यांचा आवाज कापत होता. आता या रडणार, असं वाटलं आणि मलाही भरून आलं. पण बाई फिसकन हसल्या. मग थांबेचनात. डोळे पुसत त्यांनी दोनदा शिरा मागून खाल्ला.

निघताना दारात थबकल्या. "ती आंबट वस्तू उरलीय का थोडी? भावाला पाठवते. बाकीचं सगळं त्याच्याकडेच आहे."