आत्यासाठी ठेंगणा केलेला ट्रक

चहा ओता आधी! हा किस्सा कोरड्या घशानं सांगण्यासारखा नाही. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण माझ्या अकलेचं असं दिवाळं मी पुन्हा कधी काढलं नाही.

तर आमचा ट्रक. महायुद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेला, बाबांनी लिलावात घेतलेला. भातकुलीहून अमरावतीच्या बाजारात कांदे-वांगी न्यायचं काम त्याच्याकडे होतं. आणि उंच! मागच्या फळीला हात लावायचा तर टाचा उंचवाव्या लागत. तोफा वाहिलेला गडी तो, त्याला वांग्यांची काय मातब्बरी? कितीही माल भरा, तसूभर खाली बसायचा नाही.

बासष्ट सालच्या सुमाराला माझं लग्न ठरलं. मुलगी तिवशाची. जमवलं आमच्या शांताआत्यानं. आत्या म्हणजे आमच्या घराचं हायकोर्ट. तिच्याशिवाय आमच्याकडे साधं बारसं होत नसे, मग लग्न कुठलं व्हायला? त्यात सासरे भलते मानी. सुपारी डाव्या हातानं उचलली म्हणून त्यांनी आधीचं एक स्थळ परत पाठवलं होतं म्हणे! तेव्हा आत्या बरोबर हवीच, आणि सासऱ्यांचा मान कुठेही दुखावता कामा नये, एवढं बाबांनी मला दहादा बजावलं.

वऱ्हाड आपल्याच ट्रकनं न्यायचं ठरलं. चालवणार कोण? मी! हो हो, नवरदेव स्वतः! दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायला माझा जीवच धजेना. आत्याला हे सांगायला गेलो तर तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रककडे पाहिलं, मग पदर सावरला.

"येवढ्या उंच गाडीत मी नाई चढत बापा. तुमी व्हा पुढं. मी यष्टीनं येईन."

"आत्या, यष्टी चुकली तं? तू नसशील तं लगन कसं होईन?"

"मंग मी काय करू? उंच हाये ना रे थे!"

विषय संपला. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? एक स्टूल ठेवलं असतं! पण आम्ही कुठले शहाणे? मी ट्रकच ठेंगणा करायला निघालो.

आत्या ओट्याची पायरी चढत होती तेव्हा मागून तिचा पाय किती उंच जातो त्याचं माप घेतलं, कपाशीच्या वाळक्या काडीनं. ती काडी घेऊन अमरावतीच्या रहीममिस्त्रीकडे गेलो.

"मिस्त्री, गाडी एवढी खाली आली पाहिजे."

"ये लकडी क्या है मालक?"

"आत्याचा पाय."

मिस्त्रीनं त्या काडीला हात जोडले. चाकांच्या वर पोलादी पाट्यांची चळत असते ना, जी सगळा भार पेलते, त्यातले निम्मे पाटे त्यानं काढले. मी म्हटलं, आणखी काढ. तो म्हणाला, "मालक, झूला बन जाएगी." मी म्हटलं, झूलाच पाहिजे! बायकांना ऊन लागू नये म्हणून वर लोखंडी सांगाड्याचा टप घातला, तोही पक्का वेल्डिंग करून. मग गावात आणून कापूस भरून पाहिला, पार टपाला टेकेपर्यंत. ट्रक पाळण्यासारखा डुलत चालला आणि मी खूश!

इथंच माशी शिंकली. कापूस दिसतो डोंगराएवढा आणि वजनाला काहीच नाही, हे कापसाच्या मुलखात जन्मून मी विसरलो.

लग्नाच्या दिवशी ट्रक दारात उभा केला. "आत्या, टाक पाय!" पाय बरोब्बर पुरला. आत्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. मला वाटलं, भाच्याचं प्रेम पाहून गहिवरली. वाटेनं ती डोळे मिटून, फळी धरून सारखं देवाचं नाव घेत होती. मला वाटलं, माझ्या संसारासाठीच असणार. मागे सगळं वऱ्हाड एका खड्ड्याला उजवीकडे झुकायचं, दुसऱ्याला डावीकडे. मी आपला बाशिंग सावरत हॉर्न वाजवत होतो!

तिवशाला सासऱ्यांच्या आवाराला विटांची कमान होती, त्यांच्या वडिलांनी बांधलेली. लग्नासाठी नवा चुना दिलेला. माणसांच्या भारानं ट्रक चांगलाच दबला होता, त्यामुळे बोटभर जागा सोडून अलगद आत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वऱ्हाड उतरलं, आणि माझ्या पाठीमागे ट्रक हळूच वर आला. तिकडे कोण बघतो? मी नवरदेव!

लग्न लागलं, पंगती उठल्या. आणि आमचं वऱ्हाड एकेक करून गायब व्हायला लागलं. कोणाला कांद्याला पाणी द्यायचं होतं, कोणाची म्हैस विणार होती, बाबांना घरी नवरीच्या स्वागताची तयारी बघायची होती. सगळे यष्टीकडे पळाले. मला वाटलं, केवढी कामाची माणसं आपल्या गावात!

मग पाठवणी झाली. नवरी माझ्या बाजूला, मागे उरलेली दोन-चार माणसं. गाडी सुरू केली, कमानीपाशी नेली, आणि खर्रर्र! टप कमानीत अडकला, चुन्याचा पोपडा नवरीच्या शालूवर. कसाबसा ट्रक मागे घेतला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, पाठीमागे हात बांधून कमानीकडे बघत उभे. नुसते बघत.

"टप काढा!" कोणी म्हणालं. वेल्डिंग केलेला. "चाकाची हवा सोडा!" पंप भातकुलीला. "पोते भरा!" भरायची कोणी आणि उतरवायची कोणी? आणि मला एकदम सुचलं. पोती कशाला? माणसं बसवू! माणसं स्वतः चढतात, स्वतः उतरतात!

"मामाजी, चाला! बसा सगळे!"

मामाजींचा चेहराच बदलला. "आमी बी?"

"तुमी बी! काकाजी, मावशी, सगळे बसा!"

"अवं ऐकलं का? जवाईबापू आपल्या सगळ्याइले घेऊन चालले!"

अहो, काय धांदल उडाली! कोणी कुलूप लावतंय, कोणी लुगडं बदलतंय, एकानं तर वळकटी आणली. वजनासाठी वळकटी कशाला, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. ट्रक बसत गेला, बसत गेला, आणि कमानीखालून लोण्यासारखा बाहेर आला. मी विजयी वीरासारखा उतरलो, मागची फळी उघडली.

"हं, उतरा आता!"

मामाजींनी टोपी नीट केली. "उतरा? जवाईबापू, आवतण देऊन, पंगतीत बसवून ताट ओढून घेता का?"

मी तोंड उघडणार तोच नवरी खिडकीतून वाकली. माझ्याशी ती तोवर एक अक्षर बोलली नव्हती. तिचे पहिले शब्द अजून माझ्या कानात आहेत.

"काई बोलू नका. गुपचूप चालवा."

चालवला! चाकं वर गाडीच्या तळाला घासत होती, रबराचा वास सुटला होता. एका बैलबंडीनं आम्हाला मागे टाकलं, बंडीवाल्यानं वर रामराम केला. दिवेलागणीला भातकुली आली. आई ओवाळायला ताट घेऊन दारात उभी. नवरी उतरली. मग मामाजी उतरले, मग काकाजी, मग मावशी, वळकटी, पोरं, आणखी काकाजी! आईच्या हातातलं ताट खाली खाली जाऊ लागलं.

बाबा हळूच म्हणाले, "बबन, नवरी आणाले गेलता का गाव आणाले?" मग त्यांनी ट्रकमध्ये डोकावलं. "अन् आत्या कोठी हाये बे?"

अरे देवा! जिच्यासाठी ट्रक ठेंगणा केला, तेवढी सोडून सगळी दुनिया आणली होती मी!

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आता आत्या जन्मात तोंड बघणार नाही माझं! सकाळी तिला आणायला निघणार, तोच तिवशाकडून एक कापसाचा ट्रक येऊन दारात थांबला. कापूस रचलेला आभाळापर्यंत, आणि त्याच्या शेंड्यावर आमची आत्या, पान चघळत! तिनं पदर खोचला, दोर धरला, चाकावर पाय ठेवला आणि टुणकन खाली!

मी बघतच राहिलो. "आत्या! तुले तं उंच गाडीत चढता येत नाई ना?"

"काहून नाई येत? जलम गेला माहा कापसाच्या गाड्यावर!"

"मंग काल मुद्दामच मांगं राहिली का तू?"

"आता लगन झालं, तं सांगतो. नवरदेवाच्या तोंडावर कसं बोलू बापा? मी उंचीले कवा भेली? मी तुह्या गाडी चालवण्याले भेत होती!"

अंगणात माझं सगळं सासर कडुलिंबाच्या काड्यांनी दात घासत होतं. मामाजींनी तोंडातली काडी काढली, दोन्ही हात जोडले.

"जवाईबापू, राग मानू नका, पण जातानी आमाले यष्टीनं जाऊ द्या."