पायरी केलेला आजा

पायरीवर डोकं टेकवलं आन् पाठीत काठी बसली.

"हट. सीढ़ी छू दी इसने," शेटजीचा दिवाणजी म्हणला. भर चौकात, भर बाजारात. मी उठायच्या आधीच त्यानं गोमूत्र मागवलं, पायरीवर शिंपडलं. मंग रांजणाच्या पाण्यानं पायरी धुतली. त्या रांजणाले मले हात लावता येत नाही. लोकं हासून राहिले होते. एक बाई म्हणे, पाणपोईले देऊळ समजली वाटते बिचारी.

देऊळ नाही समजली मी. ती पायरी माह्या आज्याचा दगड हाये.

हा चौक तवा कुठं होता? गोंदिया म्हणजे दोन-चार टोले, लहान लहान वस्त्या, आन् चहूकडं जंगल. माहा आजा गावचा कोतवाल. महाराचा जन्म, गावाची राखण त्याच्याच नशिबी. एक दिवस वाघानं नेला. वाघानं मारलेल्याचा जीव वाघावर बसून फिरते, असं आमच्याकडं मानतात. त्याचा दगड मांडला नाही तर वाघ एकेकाले उचलते म्हणतात. गाव भेलं. गावच्या जमीनदारानं, मालगुजारानं, पाथरवट बोलावला, दगडावर वाघ कोरवला आन् वाघापुढं काठी घेतलेला माणूस. चिंचेखाली उभा केला. शेंदूर लावला. आषाढातल्या आखाडीच्या सणाले मालगुजार स्वतः नारळ फोडे, महाराच्या दगडापुढं हात जोडे. माह्या बापानं डोळ्यानं पाह्यलं हाये.

मंग रेल्वे आली. जंगल कटलं, वाघ पार देवरीकडं गेला. चिंचेखाली बाजार भरू लागला, बाजाराचा चौक झाला. वाघाची भीती गेली तसा आज्याचा मानही गेला. इतकीच होती तुमची भक्ती. वाघ होता तोवर.

पहिले इंग्रजाच्या राणीच्या नावाचा दिव्याचा खांब लागला, तवा दगड बाजूले सरकवला. मंग शेटजीनं आपल्या मेलेल्या मायच्या नावानं पाणपोई बांधायले काढली. चिंच तोडली. त्याच कामावर बाप दगड वाहे, मी डोक्यावर चुन्याची घमेली वाहे. बाहेरगावचा मिस्त्री. त्याले आज्याचा दगड दिसला, मजबूत, चांगला लांबरुंद. त्यानं कोरलेली बाजू खाली केली आन् पायरी बसवली. बाप धावत दिवाणजीकडं गेला, हात जोडले. दिवाणजी म्हणे, पत्थर पत्थर होता है, काम कर. बाप परत येऊन कामाले लागला. त्या दिवशी जेवला नाही. मले म्हणे, "जाऊ दे बाई. मोठ्यायच्या तोंडी कोण लागंल?"

आमच्यासाठी पाणपोईच्या मांगं बांबूची नळी लावली. वरून ते ओतणार, खाली आम्ही ओंजळ धरायची. आज्याच्या पाठीवर पाय देऊन सारं गाव पाणी पिणार, आन् नातीनं डोकं टेकवलं तर पायरी बाटते. काऊन? कोणी सांगावं मले.

काठी खाल्ली त्याच्या पुढच्या बाजाराले मी गेली. पायरीपाशी उभी राहिली. चिचगडकडचा एक म्हातारा पाटील चढायले आला. त्याले म्हणली, "बाबाजी, हा महाराचा दगड हाये. माह्या आज्याचा. खालून वाघ कोरला हाये."

त्यानं उचललेला पाय खाली ठेवला. मांगचे लोकंही थांबले. दिवाणजी काठी घेऊन आला.

"झूठ बोलती है."

"मंग पलटवा."

दगड उचकटायची सब्बल तिथंच पडली होती. पण पलटवंल कोण? वाघ निघाला तर शेटजीसकट सारेच बाटलेले, त्यायच्याच नियमानं. दिवाणजीनं काठी उगारली, मले पाह्यलं, आन् खाली केली.

मंग काय केलं त्यायनं? पायरीवर तरट टाकलं. बस, झाकलं पाप. लोकं पुन्हा चढायले लागले, तो पाटीलही चढला. शेटजीकडचं माहं काम सुटलं, बापाचंही सुटलं. आता बाप मलेच शिव्या देते, म्हणे दगडापायी पोटावर पाय आणला. शेजारणी म्हणतात, आता तरटावरच पाय पडते ना, मंग कायले भांडतं? मले साऱ्यायची चीड येते. शेटजीची येते, पाटलाची येते, बापाची सगळ्यात जास्त येते. तिकडं शेटजीच्या मायचं नाव संगमरवरावर, सावलीत. इकडं माहा आजा मातीत तोंड खुपसून पडला हाये. गावासाठी मेलेला माणूस.

त्या दिवसापासून नळीचं पाणी मी पेली नाही. पिणारही नाही.

आज बाजार हाये. मी निघाली. तरटापाशी उभी राहीन. जो पाय उचलंल त्याले सांगीन, कोणाच्या पाठीवर चढून राहिला ते. काठी बसली तर बसू दे. माहा आजा उभा होत नाही तोवर ह्या चौकात कोणी हे ऐकल्याबिगर पाणी पिणार नाही.