उघडू नये

आमची ताई लोखंडावरचा गंज उडवणाऱ्या लेझरच्या झटक्यांची ताकद वाढवणारं यंत्र बनवते. तिच्या खोलीला खिडकी नाही. दार उघडलं की लेझर आपोआप बंद पडतो आणि पुन्हा स्थिरावायला दोन तास घेतो. लोक उगाच डोकावायचे, म्हणून तिनेच भांडून ‘उघडू नये’ अशी पाटी लावून घेतली. आता तिकडे कुणी फिरकत नाही. साहेबांचा फोन तेवढा रोज येतो, “अजून ताकद वाढव!”

काल तिचा डबा पुन्हा भरलेलाच घरी आला. माझं डोकंच फिरलं. “पाटी काय तुझ्यासाठी आहे? दोन घास खायला तरी बाहेर येत जा!”

“दाराला कुठं कळतं, कोण उघडतंय ते?” ती म्हणाली. “दार उघडलं की लेझर बंद, ही सोय मीच केली. तेव्हा स्वतःला वगळायचं सुचलंच नाही.”