रेडिएटरमधली हळद

माझ्या धाकट्या भावाच्या मृत्यूविषयी आमच्या गावात दोन हकिकती सांगितल्या जातात. दोन्ही खोट्या आहेत. पहिली गावच्या निवृत्त गुरुजींची. ते म्हणतात, वाटेत भेटलेल्या टँकरवाल्याने आम्हाला पाणी नाकारले. दुसरी माझ्या पुतण्याची, म्हणजे त्या भावाच्याच मुलाची. तो म्हणतो, बापाच्या तोंडचे पाणी काकांनी जीपच्या तोंडात ओतले. गुरुजी त्या दिवशी रस्त्यावर नव्हते आणि पुतण्या पाळण्यात होता. मी मात्र तिथे होतो, आणि माझ्या हातात जीपचे चाक होते.

तेव्हा लातूर जिल्हा नवा झालेला होता आणि दुष्काळ पडला होता. नव्या कचेऱ्यांत साहेब आले, पण त्यांना पुरतील इतक्या गाड्या आल्या नव्हत्या. तलावांची आणि रस्त्यांची दुष्काळी कामे पाहत हिंडायला त्यांना भाड्याच्या जीपा लागत. नांदेडला लिलावात घेतलेली माझी जुनी जीप त्या कामावर लागली. शिरूर अनंतपाळच्या अलीकडे पलीकडे एकही खडीचा ढीग असा नव्हता, जिथे ती उभी राहिली नाही. एक अट मात्र होती. गाडी एक दिवस जरी बंद राहिली तरी दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसऱ्याची गाडी दिसे. माझी जीप कधीही बंद पडत नाही, असे मी चारचौघांत सांगत असे, आणि ते खरेही होते.

ती बंद का पडत नव्हती, हे घरात दोघांनाच माहीत होते. रेडिएटरच्या जाळीला बारीक छिद्रे पडली होती. नांदेडच्या मिस्त्रीने ती पाहून सांगितले होते, "मालक, जाळी उघडून साफ करतो, डाग देतो. दोन रोज गाडी ठेवा." दोन रोज माझ्याकडे नव्हते. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकली की ती फुगते आणि छिद्र बुजते, हा आमच्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरचा इलाज. तो एकदा करायचा, चिमूटभर करायचा आणि गॅरेज गाठायचे, असा त्याचा नियम आहे. मी तो महिनोन्‌महिने केला, तोही मुठीने. गळती थांबे आणि मी मिशीला पीळ देई. वर पाणी घालायचे ते बोअरचे, इतके जड की घागरीच्या आत पांढरा थर धरत असे. हळद मी धाकट्या भावजयीच्या डब्यातून नेत असे. ती काही न बोलता डबा उंबऱ्यावर ठेवून आत जाई, कारण आमच्या घरी धाकटी सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तोंड उघडत नसे. काही सांगायचेच असले तर ती नवऱ्याला सांगे आणि नवरा मला सांगे. तोवर आम्ही एका छपराखाली पाच वर्षे राहिलो होतो, पण त्या वर्षांतला तिचा माझ्याशी बोललेला एक शब्द मला आठवत नाही.

विहिरीच्या तळाशी चिखल उरला होता. तेच पाणी गाळून गाव पीत होते आणि घरोघरी गॅस्ट्रो शिरला होता. एका पहाटेपासून भावाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. सकाळी नर्सबाई आल्या, त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, अंगात पाणी उरले नव्हते. "ह्यांना आत्ता लातूरला न्या. सलाइन लागल," एवढे म्हणून त्यांनी मीठ-साखरेच्या पाण्याची किटली भावजयीच्या हाती दिली. मी भावाला मागच्या बाकावर निजवले. भावजय त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली, पदर नाकापर्यंत ओढलेला. इंजिनसाठी मी बोअरच्या पाण्याचा डबा वेगळा घेतला होता. तो वेगळा होता, हे पुतण्याने लिहून ठेवावे. किटलीला मी हात लावलेला नाही. किटली भावजय चमच्याने रिकामी करत होती आणि भाऊ ती ओकून टाकत होता.

सहा-सात मैलांवर तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. बॉनेट उघडले तर झाकणाखालून वाफ शिट्टी घालत होती. गरम झाकण उघडणारा ड्रायव्हर मूर्ख असतो. मी थांबलो. अर्ध्या तासाने पाणी घातले, निघालो, आणि मैलभरात काटा पुन्हा तिथेच आला. डबा संपला. झाड दिसत नव्हते. जीपच्या सावलीत मी उभा होतो आणि मागून भावाचा आवाज येत होता, "दादा, आलं का लातूर?"

"येतंय," मी म्हणालो.

तेवढ्यात समोरून पाण्याचा टँकर आला. एका वाडीला पाणी द्यायला निघालेला ड्रायव्हर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, खाली उतरला. त्याने मागे एक नजर टाकली आणि कुणी न सांगता टँकरच्या नळाखाली बादली लावली. गुरुजींनी हे ऐकावे. त्या माणसाने पाणी नाकारले नाही. वाडीच्या वाटणीतले पाणी त्याने आम्हाला दिले.

मग त्याने जीप पाहिली, आणि नीट पाहिली. पंख्याचा पट्टा दाबला, घट्ट होता. ऑइलची कांडी काढून नखावर पुसली. ऑइलमध्ये पांढरा फेस नव्हता, म्हणजे त्यात पाणी शिरलेले नव्हते, गॅस्केट शाबूत होते. इंजिन चालू ठेवून त्याने रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीला बोट लावले आणि झटकन काढले. खालची नळी त्याने मुठीत धरली, ती नुसती कोमट होती.

"वरून पोळतंय, खालून गार हाय. पाणी फिरत न्हाई, मालक. थर्मोस्टॅट हाय का काढलाय?"

"कधीच काढून टाकलाय. पाणी तापेपर्यंत अडवून धरणारी झडप ती, आपल्या उन्हात तिचं काय काम?"

"मग दोनच गोष्टी. एक तर पंप कमजोर झालाय, न्हाई तर जाळी तुंबली. पंप असंल तर थांबत थांबत लातूर गाठता येईल. जाळी तुंबली असंल तर ही गाडी आज जात न्हाई. मग पेशंटला माझ्या क्याबिनात घ्या, मी टँकर मागं फिरवतो. वाडीवाले देतील शिव्या, माझ्या सासरचेच हायेत." तो हसला, आणि मग त्याने विचारले, "हळद-बिळद टाकलीय का ह्यात?"

उत्तर एका शब्दाचे होते. पण ज्याची जीप कधी बंद पडत नाही असा तालुक्यात डंका, त्या मी एका टँकरच्या पोरापुढे कबूल करायचे की माझी गाडी हळदीवर चालते? आणि माझा भाऊ दुसऱ्याच्या वाहनातून लातुरात शिरणार?

"नाही," मी म्हणालो. "आपण असले गावठी इलाज करत नाही."

मागून बारीक आवाज आला. भावजय नवऱ्याच्या कानाशी वाकली होती. "अहो, त्यांना सांगा. हळदीचं सांगा म्हणावं."

भावाचे ओठ हलले, आवाज आला नाही. निरोप पोचवणारा माणूस थकला होता. ते शब्द मला ऐकू आले होते, पण मला उद्देशून नव्हते, आणि रीतीप्रमाणे ते मी ऐकायचे नव्हते. आयुष्यात त्या रीतीचा मी इतका काटेकोर मान दुसऱ्या कुठल्याच वेळी राखला नाही. टँकरवाल्यानेही बहुधा ऐकले नाही, इंजिन चालू होते.

"मग पंपच," तो म्हणाला. त्याने माझा डबा भरून दिला, पट्टा थोडा आणखी ताणून दिला आणि म्हणाला, "दर मैलाला थांबा. मी वाडीवर पाणी सोडून ह्याच रस्त्यानं येतो."

तो वाडीकडे गेला आणि आम्ही लातूरच्या दिशेने दोन मैल गेलो. तिसऱ्या मैलावर इंजिनाने धातूवर धातू घासल्यासारखा आवाज केला आणि ते जाम झाले. त्यानंतर पुष्कळ वेळ काहीच झाले नाही. एक बैलगाडी दिसली, ती शेतातच वळली. मी भावाच्या तोंडावर माझ्या धोतराच्या सोग्याने वारा घालत होतो. तो आता लातूर आले का असे विचारत नव्हता, आणि त्याने विचारावे म्हणून मीच त्याला सांगत होतो, "येतंय, येतंय." भावजयीने किटली उपडी करून शेवटचे थेंब बोटावर घेतले आणि त्याच्या ओठांना लावले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

दुपार कलताना तोच टँकर रिकामा होऊन परत आला. ड्रायव्हरने बॉनेटवर हात ठेवला, काढला. आम्ही दोघांनी भावाला उचलून त्याच्या केबिनमध्ये बसवले. लातूरच्या दवाखान्यात सलाइन लावायला हाताची शीर सापडेना, पायाची सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ गेला.

जीप ओढून आणल्यावर रेडिएटर मी स्वतः खोलला, शेडचे दार लावून. जाळीच्या नळ्यांत पिवळा लगदा होता, बोअरच्या क्षाराने विटेसारखा घट्ट झालेला. तारेने खरवडला तर वास आला, आमच्या स्वयंपाकघराचा. तो लगदा मी पुरून टाकला आणि जीप भंगारात घातली. पाणी खराब होते म्हणून इंजिन गेले, असे मी सगळ्यांना सांगितले. म्हणजे मोजायचेच झाले तर खोट्या हकिकती दोन नव्हेत, तीन आहेत, आणि तिसरी सर्वांत जुनी आहे.

गेल्या उन्हाळ्यात नातीच्या साखरपुड्यात पुतण्याने पाहुण्यांपुढे ती पाण्याची गोष्ट पुन्हा काढली. मी काठी आपटून म्हणालो, "खोटं आहे. किटलीला मी हात लावला नव्हता. तुझ्या आईला विचार." तो म्हणाला, "तिनंच तर सांगितलंय, काका."

पाहुणे गेल्यावर मी ओसरीवर गेलो. भावजय तांदूळ निवडत होती. तिचे केस पांढरे झाले आहेत आणि आता पदर खांद्यावरच असतो.

"बाई," मी म्हणालो, "किटलीचं तुम्ही असं का सांगितलंत? तुम्हाला तर ठाऊक आहे."

तिने सूप खाली ठेवले नाही. "पोरगं विचारायचं, बाप कशानं मेला. काहीतरी सांगावं लागतंय, भावजी."

"मग खरं सांगायचं होतं. माझ्यावर किटलीचा आळ कशाला? हळदीचं सांगायचं."

"डबा कुणाचा होता?" ती म्हणाली. "रोज मीच उंबऱ्यावर आणून ठेवत होते. आन् त्या रोजी मला मोठ्यानं बोलता आलं असतं. टँकरवाला चार हातांवर उभा होता."

मी म्हणालो, "तो दोष तुमच्याकडं नाही. खोटं मी बोललो."

तिने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "मग लिहा तसं," ती म्हणाली. "डब्याचंबी लिहा."

लिहिले आहे. गुरुजींनी आणि पुतण्याने आपापल्या हकिकती आता मागे घ्याव्यात. टँकरवाल्याने पाणी दिले, किटली भावजयीच्या हातात होती, आणि हळद टाकली का असे मला विचारले गेले, तेव्हा मी नाही म्हणालो.