पांढरी की हिरवी

मी जन्माची घाबरट. बुरशीच्या नादाला लागले आणि त्यात भरच पडली.

संगमनेरच्या कॉलेजात माझं पीएचडीचं काम चाललं होतं. हिरव्या बुरशीतला नेमका हवा तोच जनुक बदलायचा. पण आम्ही बनवलेला डीएनएचा तुकडा पेशीत शिरला की आगंतुक पाहुण्यासारखा दिसेल तिथे पाट मांडून बसायचा. म्हणून या वेळी असे तुकडे कुठेही चिकटवणारा बुरशीचा स्वतःचा जनुक आधी काढून टाकला, आणि मग रंगाच्या जनुकावर नेम धरला. तुकडा जागेवर बसला तर रंग बंद, बुरशी पांढरी, नाहीतर नेहमीची हिरवी. "हे शेवटचं," माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते. "हिरवी आली तर विषय बदलू." म्हणजे इतक्या वर्षांचं काम पाण्यात.

बुरशीच्या प्लेट्स इनक्यूबेटरच्या उबेत ठेवून मी दसऱ्याला कोल्हारला घरी गेले. परत येऊन पाहते तर इनक्यूबेटर रिकामा! खंडेनवमीला यंत्रांबरोबर सरांनी माझ्या प्लेट्सनाही पूजेला बसवलं होतं आणि परत आत ठेवायला विसरले होते. टेबलावर सुकलेला झेंडू, झाकणांवर हळदकुंकू. मी कुंकू पुसलं.

आत सगळी पांढरी.

"आगं, लई भारी!" आनंद झाला की सर गावाकडचं बोलतात. "येक बी हिरवी न्हाई!" लगेच पेढे आले. मी माझा हातातच धरून ठेवला.

"सर, या उबेबाहेर राहिल्यात. कोवळी बुरशी पांढरीच असते. हिरवा रंग नंतर, बीजाणू धरले की चढतो."

सरांचा हात पेढ्यापाशीच थांबला. "व्हय की," ते हळूच म्हणाले.

प्लेट्स पुन्हा आत गेल्या. माझा पेढा मी डब्यात बंद करून टेबलाच्या खणात टाकला. खात्री झाल्याशिवाय खायचा नाही. मग सुरू झाली ती निव्वळ घालमेल. घटकेघटकेला दार उघडून बघायची. "कोंबडी तरी बरी," सर वैतागले, "अंड्यावर गप बसते."

एका सकाळी कडेला हिरवा ठिपका दिसला आणि मी प्लेट बाहेर ओढली. शेजारी आणखी एक. सरांनी प्लेट माझ्या हातातून काढून घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"हे दोन हिरवे ठिपके सोड, तिथं नेम चुकला. बाकीच्यांनी बीजाणू धरलेत, ते पांढरेच हायेत. आता रंग चढायचा न्हाई. खा पेढा."

मी खण उघडला, डब्याचं झाकण काढलं. पेढ्यावर हिरवीगार बुरशी माजली होती.

"हिरवी!" एवढंच माझ्या तोंडून निघालं, आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम फुटलं. सर बिचारे डब्यात न बघताच धडपडत पुन्हा प्लेट्सकडे धावले.